‘खऱ्या’ स्टार ट्रेकचा हट्ट

‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका आली की चाहत्यांचा निकाल आठवडाभरात लागतो: हा खरा स्टार ट्रेक नव्हे. २०१७ साली ‘डिस्कव्हरी’ने तो ऐकला, २००१ साली ‘एन्टरप्राइझ’ने, १९९३ साली ‘डीप स्पेस नाइन’ने. १९८७ च्या ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या वाट्याला तर पहिला भाग दिसण्याआधीच नाराजी आली. मूळ मालिकेतला कप्तान कर्क नाही, त्याचा साथीदार स्पॉक नाही, आणि नवा कप्तान कोण, तर फ्रेंच नावाचा, अस्सल ब्रिटिश उच्चारांचा टकला नट! आज त्याच पॅट्रिक स्टुअर्टच्या पिकार्डला मापदंड मानून नवे कप्तान नापास केले जातात.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण ती निव्वळ ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ची रड नाही. म्हणणे असे की, मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीने १९६६ साली एक स्वप्न दाखवले. वंशद्वेष, भूक, लोभ मागे टाकलेली माणसे एका जहाजावर एकोप्याने राहतात आणि प्रश्न शक्यतो बोलून सोडवतात. पुढच्या लेखकांनी त्यात युद्धे, कटकारस्थाने आणि राजकारण घुसवले, म्हणून स्वप्न बाटले.

पण हे स्वप्न एकट्या रॉडनबेरीचे होते कुठे? क्लिंगॉन ही परग्रहावरची वैरी जमात आली जीन कूनच्या पटकथेतून. परग्रहांच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या ‘प्राइम डिरेक्टिव्ह’चेही बरेचसे श्रेय त्यालाच दिले जाते. स्पॉकचे आईवडील आणि त्याच्या व्हल्कन घराण्याची घडण डोरोथी फाँटानाची. व्हल्कन विवाहविधी थिओडोर स्टर्जनच्या ‘अमॉक टाइम’मधला, आणि त्याच भागात प्रथम दिसलेली बोटे फाकवून केलेली ती प्रसिद्ध खूण लेनर्ड निमॉयने ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतली. खुद्द रॉडनबेरीचे पाहावे तर त्याच्या पहिल्या नमुना-भागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला. आणि ३ जून १९६९ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागाची कथाही त्याचीच: कप्तानपदासाठी वेडी झालेली एक बाई कर्कच्या शरीरात शिरते, आणि कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही हे तिथे सरळ बोलून दाखवले जाते. यातले कुठले स्वप्न शुद्ध धरायचे?

याहून बोलका दाखला १९८९ चा आहे. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये मुख्य पात्रांचे आपापसांत भांडण दाखवायचे नाही, असा रॉडनबेरीचा दंडक होता. लेखक त्याने हैराण झाले. पहिल्या दोन हंगामांत लेखनकक्षात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागली. तिसऱ्या हंगामात मायकेल पिलरने लेखनकक्षाची सूत्रे घेतली, तेव्हा त्याच्या हाती ‘द बाँडिंग’ नावाची पटकथा आली. रोनाल्ड मूर या तरुण चाहत्याने सेट पाहायला गेला असताना ती तिथल्या माणसाच्या हाती दिलेली होती. कामगिरीवर आईचा मृत्यू होतो आणि तिचा लहान मुलगा जहाजावर एकटा उरतो, एवढीच गोष्ट. रॉडनबेरीने हरकत घेतली: चोविसाव्या शतकातली मुले मृत्यू स्वीकारतात, हा मुलगा शोक करणार नाही. पिलरने ती अट मोडली नाही, उलटी करून वापरली. मुलगा रडतच नाही, आणि त्याचे न रडणे हीच जहाजावरच्या मोठ्या माणसांची काळजी होऊन बसते. संस्थापकाची चौकट, चाहत्याची पटकथा आणि संपादकाची हुशारी यांच्या ओढाताणीतून तो भाग उभा राहिला. पुढे हाच मूर मालिकेच्या प्रमुख लेखकांपैकी एक झाला. ‘मूळ स्वप्न’ जसेच्या तसे पाळले असते तर हा भाग झालाच नसता.

रॉडनबेरी १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये वारला. ‘डीप स्पेस नाइन’ त्यानंतर आली, आणि तिच्यावर आक्षेप होता की ही मालिका कुठे जातच नाही, एका स्थानकावर बसून राहते. १९९८ च्या ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये कप्तान सिस्को खोटा पुरावा तयार करवून रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढतो, आणि त्या नादात माणसे मरतात. कर्कने किंवा पिकार्डने हे केले नसते, हे खरेच. पण आज ‘डिस्कव्हरी’ला झोडपताना हीच मालिका आदर्श म्हणून पुढे केली जाते. तेव्हाचा पाखंडी आता धर्मग्रंथ झाला आहे!

राजकारणाच्या आक्षेपात तर दम नाहीच. २ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण सुरू होऊन तीनच दिवस झालेले असताना, ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ दाखवला गेला. क्लिंगॉन एका टोळीला बंदुका पुरवतात, मग कर्कही दुसऱ्या टोळीला तितक्याच बंदुका द्यायचे ठरवतो. पुढच्या जानेवारीत अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरा असलेले दोन वैरी आले. फरक एवढाच की एकाची उजवी बाजू काळी, तर दुसऱ्याची डावी. याहून ढोबळ रूपक शोधून सापडायचे नाही. मात्र बंदुकांच्या त्या भागात डॉक्टर मकॉय कर्कशी कडाडून भांडतो आणि शेवटी कप्तानाच्या तोंडावरही समाधान नसते. ‘डिस्कव्हरी’त अनेकदा सगळे अधिकारी आधीच एकमताचे असतात आणि एकमेकांना शाबासकी देत राहतात. दोष राजकारण आणल्याचा नाही. वाद न रंगवल्याचा आहे.

सातत्यभंगाचे रडगाणे थोडक्यात उरकू. मालिकेच्या दुसऱ्या नमुना-भागात थडग्यावर कर्कचे नाव जेम्स आर. कर्क असे कोरलेले दिसते. पुढे तो जेम्स टी. झाला. १९७९ च्या चित्रपटात क्लिंगॉनांच्या कपाळावर अचानक उंचवटे उगवले. १९९६ च्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला याचे कारण विचारतात, तेव्हा तो म्हणतो, आम्ही परक्यांशी याबद्दल बोलत नाही. विनोद लेखकांनी केला, हसू चाहत्यांना आले, प्रकरण तिथेच मिटायला हवे होते.

म्हणून चाहत्यांची मते फुकाचीच, असे नव्हे. सम क्रमांकाचे चित्रपट चांगले आणि विषम वाईट, हा त्यांचा आवडता नियम दहाव्या ‘नेमेसिस’ने २००२ साली मोडला, तरीही त्यांच्या पारखीत तथ्य असते. २०१३ साली लास व्हेगासच्या संमेलनात जमलेल्यांनी सगळे चित्रपट क्रमाने लावले, तेव्हा ‘इन्टू डार्कनेस’ तळाला गेला. समीक्षकांनी तो बराच उचलून धरला होता. त्यातला खलनायक खान नूनियन सिंग हा मूळ मालिकेत उत्तर भारतातला, बहुधा शीख, असल्याचे सांगितलेले पात्र. १९६७ साली ते मेक्सिकन रिकार्डो मोंताल्बानने केले, २०१३ साली गोऱ्यापान बेनेडिक्ट कंबरबॅचने. ४६ वर्षांत हॉलिवूडला या भूमिकेसाठी एक भारतीय नट मिळू नये? आणि ही तीच मालिका, जिच्या १९७९ च्या पहिल्या चित्रपटात मुंबईची पर्सिस खंबाटा डोके तुळतुळीत करून जहाजाच्या दिशादर्शकाच्या जागी बसली होती. चाहत्यांची ही तक्रार सोळा आणे रास्त आहे.

शिवाय चाहते नसते तर वाद घालायला मालिकाच उरली नसती. बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने चालवलेल्या पत्रमोहिमेनंतर १ मार्च १९६८ रोजी मालिका सुरू राहणार असल्याचे एनबीसी वाहिनीने पडद्यावरून जाहीर केले. हाती आला तो शुक्रवारी रात्री दहाचा आडमुहूर्त. त्या तिसऱ्या हंगामाचा पहिलाच भाग ‘स्पॉक्स ब्रेन’, ज्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि ज्याची थट्टा अजून थांबलेली नाही. पण त्या २४ भागांमुळेच एकूण संख्या ७९ झाली. पुनःप्रक्षेपणासाठी स्थानिक केंद्रांना रोज दाखवता येईल एवढा साठा लागे, आणि ५५ भागांवर ते अवघड होते. सत्तरच्या दशकात रोज संध्याकाळी लागणाऱ्या त्या जुन्या भागांनीच नवा प्रेक्षक घडवला. सर्वांत टाकाऊ हंगामाने सगळ्यांचे भवितव्य वाचवले!

इथेच आजच्या मालिकांवरचा खरा आक्षेप सापडतो, आणि चाहते नेमका तोच हळू आवाजात मांडतात. ‘नेक्स्ट जनरेशन’चा हंगाम बहुधा २६ भागांचा असे. ‘पिकार्ड’ किंवा ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा दहा भागांचा. २६ मध्ये पाचसहा फसले तरी चालत, म्हणून धाडस करता येई. पिकार्ड एका मृत ग्रहावरच्या माणसाचे अख्खे आयुष्य पंचवीस मिनिटांत जगतो तो ‘द इनर लाइट’ पाचव्या हंगामाचा पंचविसावा भाग आहे. वकिली केलेल्या मेलिंडा स्नॉडग्रासने कुणी न मागता लिहिलेल्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’मध्ये डेटा हा यंत्रमानव व्यक्ती आहे की मालमत्ता, यावर खटला चालतो. पुढे पिलरने बाहेरच्यांच्या पटकथांसाठी दार अधिकृतपणे उघडले. दहा भागांच्या हंगामात, त्यातही तो ‘पिकार्ड’सारखा एकाच सलग कथानकाने बांधलेला असला तर, अशा पाहुण्या पटकथेला बसायला जागा नाही.

तेव्हा पुढची मालिका येईल तेव्हा चाहत्यांनी पुन्हा पत्रे जरूर लिहावीत. मात्र त्यांत रॉडनबेरीच्या आत्म्याला वेठीस धरू नये. भाग वाढवा आणि बाहेरच्या पटकथा पुन्हा वाचायला घ्या, एवढ्या दोन मागण्या कराव्यात.