बाकीच्या १९ जणांचं काय?

‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ हा २००६ सालचा सिनेमा पाहिला नसेल, तर या वीकेंडला पाहाच. १९८१ सालचं सॅन फ्रान्सिस्को, हाडांची घनता मोजणारी न खपणारी मशिन्स, सोडून गेलेली बायको आणि पदरात लहानगा पोरगा. विल स्मिथने रंगवलेला ख्रिस गार्डनर स्टेशनच्या बाथरूममध्ये पोराला मांडीवर घेऊन रात्र काढतो, तेव्हा भल्याभल्यांचे डोळे भरून येतात.

पण ट्रेनिंगमध्ये याचं तात्पर्य सांगतात ते असं: मेहनत करा, यश मिळणारच! मला हे पटत नाही राव. सिनेमातच बघा ना. ब्रोकर कंपनीत २० जण सहा महिने बिनपगारी राबतात, नोकरी मिळते एकालाच. बाकीचे १९ काय झोपा काढत होते? (खऱ्या गार्डनरला तेव्हा महिन्याला १००० डॉलर विद्यावेतन होतं. ‘बिनपगारी’ हा सिनेमावाल्यांचा मसाला.)

वेळ वाचावा म्हणून ख्रिस दोन कॉल्सच्या मध्ये फोन खाली ठेवत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. जिद्द आहेच, वादच नाही. पण दिवसा पोराला सांभाळणारं पाळणाघर आणि रात्री आसरा देणारं ग्लाइड चर्च नसतं, तर ती जिद्द घेऊन तो गेला कुठे असता? तिथेही रांगेत उशीर झाला, की जागा नाहीच.

तेव्हा सिनेमा बघून पेटून उठा, जरूर उठा. फक्त नोकरी गेलेला मित्र भेटला, तर ‘तूच कमी पडलास’ असं ऐकवू नका. घरी जेवायला बोलवा त्याला.