शहराचा खोडवा



या पानावर एरवी लागणीची वेळ, बेणे, खताचे हप्ते असेच विषय असतात. आज थोडे निराळे लिहितो आहे. ज्या कोल्हापुरात आपण राहतो त्याबद्दल आणि त्याच्याच कुशीतल्या आपल्या कसबा बावड्याबद्दल चार शब्द मांडायचे आहेत.

"ऊसवाल्यांच्या अंकात शहराचा विषय कशाला?" असे कोणी विचारील. पण बावडेकराला गाव आणि शहर वेगळे काढताच येत नाही. सकाळी उसाला पाणी पाजून माणूस दहाला कचेरीत हजर होतो, संध्याकाळी महाद्वार रोडला बाजार करतो आणि रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन पुन्हा मळ्यात जातो. पोरांना कॉलेज जवळ, आजाऱ्याला सीपीआर जवळ, उसाला कारखाना जवळ. गंगावेशीत म्हैस पिळून समोर दिलेले दूध अजून प्यायला मिळते. पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरे सणाला घरी आली की परतताना पाय उचलत नाहीत, ते उगाच नव्हे.

हे सगळे आपल्याला आयते मिळाले आहे. त्याची लागण दुसऱ्यांनी केली. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, तोही आपल्याच बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. गुळाला हक्काची पेठ मिळावी म्हणून त्यांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली. १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान झाले, १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. राधानगरी धरणाचे काम त्यांनी सुरू केले, ते पुरे व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. महाराज १९२२ सालीच गेले होते. ज्या धरणाच्या पाण्यावर आज आपला ऊस उभा आहे, ते पुरे झालेले त्यांना बघायला मिळाले नाही.

म्हणजे आपण खोडवा खातो आहोत. त्यात वाईट काही नाही, खोडवा हे फायद्याचेच पीक आहे. मशागत नाही, बेणे नाही, लागणीचा खर्च नाही. पण खोडव्याचे आपल्याकडे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. तोड झाली की काडी लावायची, पाणी सोडायचे आणि युरियाची दोन पोती फेकून मोकळे व्हायचे. "खोडवाच हाय, यील तेवढं यील." मग टनेज पडले की जमीन बिघडली म्हणून ओरड. बुडखे जमिनीलगत छाटले, नांग्या भरल्या, पाचट सरीत दाबले, पहारीने खत दिले, तर तोच खोडवा लागणीच्या तोडीस तोड येतो. शहराच्या बाबतीत आपण नेमकी खोडव्यासारखी हयगय करतो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नदीचेच बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचे पाणी घेऊन पंचगंगा आपल्या दारावरून जाते. शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र बावड्यातच आहे. तरीही जयंती नाल्याचे मैलापाणी नदीत गेल्याच्या बातम्या वाचायला मिळतातच. साखर कारखानदारीकडेही बोट दाखवले जाते, ते कानाआड करून चालणार नाही. नदी आपल्या बांधाला संपत नाही. खाली तेच पाणी लोक पितात. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ येऊन माणसे दगावली, हे विसरता कामा नये.

पुराचेही तसेच. पावसाळा लागला की सगळा जिल्हा आपल्या राजाराम बंधाऱ्याकडे कान लावून बसतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे पोरासोरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पाऊस आपल्या हातात नाही, हे खरे. पण नदीकाठच्या रानात मुरूम-माती टाकून प्लॉट पाडणे कोणाच्या हातात आहे? पाण्याला पसरायची जागा आपण बुजवली, तर ते कोणाच्या तरी घरात शिरणारच.

आपल्यात धमक नाही असे मुळीच नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा कोल्हापूरकर वर्षानुवर्षे लढले. प्रा. एन. डी. पाटील उतारवयात रस्त्यावर उतरले. शेवटी २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करावा लागला. महापुरात तालमीची, मंडळांची पोरे छातीभर पाण्यात शिरली, घराघरांतून भाकऱ्या गोळा झाल्या. केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच जुने पॅलेस थिएटर, ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले तेव्हा कधी नाटकाला न गेलेल्या माणसालाही घरचे कोणी गेल्यासारखे वाटले. अंगावर आले की आपण शिंगावर घेतो. आपली उणीव आहे ती रोजच्या कामात. ज्याचा फोटो निघत नाही, हार पडत नाही, ते काम आपण दुसऱ्यावर ढकलतो. "जगात भारी कोल्हापुरी" असे गाडीवर लिहायचे आणि त्याच गाडीतून कचऱ्याची पिशवी ओढ्यात भिरकवायची, हे कसे जमायचे?

सरकारने आणि महापालिकेने काय करावे याची यादी मोठी आहे आणि ती मागितलीच पाहिजे. पण मी ऊस विकासाचा माणूस. सभासदांच्या हातात काय आहे तेवढेच सांगतो.

पहिले, पाचट जाळू नका. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. ते कुजले तर जमिनीला सेंद्रिय खत, पाण्याची बचत आणि तणाला आळा. पेटवले तर आपल्याच म्हाताऱ्यांना आणि लेकरांना खोकला. दुसरे, औषधाचे रिकामे डबे आणि फवारणीचे पंप नदीत, ओढ्यात धुऊ नका. माती तपासून हिशोबाने खत द्या. जास्तीचा युरिया पाण्याबरोबर नदीतच जातो आणि पैसाही त्याच्याबरोबर वाहतो. तिसरे, पूररेषेतले रान भराव टाकायला देऊ नका, शेजाऱ्यालाही समजावा. चौथे, हंगामात ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा, ऊस बेताने भरा आणि वस्तीतून जाताना टेप बंद ठेवा. रस्ता शाळेच्या पोरांचाही आहे.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वार्षिक सभेत उसाच्या दरासाठी आपण माईक सोडत नाही, अहवालातला आकडा आणि आकडा विचारतो. ती चांगलीच सवय आहे. तोच हिशोब गल्लीतल्या गटारीचा, कचऱ्याच्या गाडीचा, नदीत जाणाऱ्या पाण्याचाही मागा. एकदा अर्ज देऊन घरी बसू नका, महिन्याने पुन्हा जा. दहा जण मिळून जा. घरातल्या बायकांना बरोबर न्या, कारण पाण्याचा आणि कचऱ्याचा त्रास त्या रोज भोगतात. काय अडले आहे ते त्या नेमके सांगतील.

काही जण म्हणतात, "आता काय राहिलंय कोल्हापुरात? इकावं रान आणि पोरांकडं जावं." ज्याची अडचण त्याला ठाऊक, मी कोणाला नावे ठेवत नाही. पण बुडखा जिवंत असताना रान मोडीत काढायची घाई कोणी शहाणा शेतकरी करत नाही. कोल्हापूरचा बुडखा अजून जिवंत आहे. त्याला खतपाणी घालायची पाळी आपली आहे.

तेव्हा तोड सुरू होण्याआधी आपल्या गटाची बैठक होईल, त्यात पाचटाबरोबर आपल्या भागातल्या ओढ्याचा आणि नदीचाही विषय घ्यावा, आणि कोणी कोणते काम अंगावर घेतले ते नावानिशी लिहून ठेवावे, अशी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी