प्रार्थनेला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

कुंटणखान्यावर धाड पडते, मुली सुटतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. नंतरची वर्षं कुठेच छापली जात नाहीत. रात्री दचकून उठणं, एचआयव्हीच्या गोळ्या, कोर्टाच्या तारखा, घरात घ्यायला तयार नसलेले आईवडील. या पुनर्वसनाच्या कामाला चिकाटी लागते आणि श्रद्धेपोटी आलेली माणसं ती दाखवतात, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी कृपासदन काढलं, ते समाजाने ‘पतित’ ठरवून दार लावून घेतलेल्या बायकांसाठी.

पण त्याआधीचा, रमाबाईंनीच विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचा वादही विसरू नये. १८८९ साली धार्मिक तटस्थतेचं वचन देऊन ते सुरू झालं. पुढे काही मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कुणावर सक्ती करत नाही, आपलं दार फक्त उघडं असतं, असं रमाबाईंचं म्हणणं होतं.

कुंटणखान्यातून आलेल्या मुलीच्या बाबतीत उघडं दार पुरत नाही. जेवू घालणाऱ्याची मर्जी ओळखायची आणि सांगेल त्याला मान हलवायची, एवढ्यावर ती जगलेली असते. प्रार्थना घेणाऱ्या ताईच शिवणवर्गाची यादी करत असतील, तर ती घंटा होताच पहिल्या रांगेत जाऊन बसणार. तिचा तो होकार खरा धरू नये. चर्च असो, मठ असो वा मदरसा, हे सगळीकडे सारखंच.

अनुदानित शाळेतल्या मुलालाही पालकांच्या संमतीशिवाय प्रार्थनेला बसवता येत नाही, असं घटनेचं कलम २८ सांगतं. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२०मध्ये बजावलं. मग कोर्टाच्या हुकमाने बायका पाठवल्या जातात त्या प्रत्येक गृहाने दाखल करतानाच, बंगाली, नेपाळी, तेलुगू, जी तिची भाषा असेल तीत, वाचून दाखवावं: प्रार्थनेला आली नाहीस तरी जेवण, औषध, शिक्षण यातलं काही अडणार नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिला एकटीला भेटून याची खातरजमा करावी.

आणि देणगी देणाऱ्यांनी आधी एक विचारावं: तुमच्याकडे प्रार्थनेला न येणाऱ्या किती जणी आहेत? ‘एकही नाही’ असं उत्तर आलं, तर पैसे देण्यापूर्वी कारण विचारा.