आठ दिवस, एक शहर

रेणापूरहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, फंडाची रक्कम हाती आली, घरावर मजला चढवून झाला, मुलीचं लग्न आधीच उरकलेलं. उरलेल्या पैशांत एकदा परदेश पाहायचा असं दोघांनी ठरवलं आहे. मुलगा म्हणतो, सहल कंपनीबरोबर जा, बारा दिवसांत सहा देश होतात, डोक्याला ताप नाही. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या लिहितात, "मला सहा देश नकोत. एकटं लंडन बघायचं आहे, तेही सावकाश. आयुष्यभर ह्यांच्या मागं मागं चालले, आता गाईडच्या झेंड्यामागं चालायचं नाही. आमचं आम्हांला जमेल का?"

जमेल, बाई. अगदी जमेल. सहल कंपन्यांशी माझं भांडण नाही. ज्यांना भाषेची भीती वाटते किंवा जेवणाची चिंता असते, त्यांनी खुशाल त्यांच्याबरोबर जावं. पण एकच शहर आठ दिवस बघायचं तर तयारी घरच्या घरी होते. सुरुवात मात्र नकाशापासून करायची नाही, कपाटातल्या कागदांपासून करायची.

आपल्या बायकांची खरी अडचण तिथेच असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, बँकेत "सौ." लावून तिसरंच! पासपोर्टवर जे नाव असेल तेच व्हिसाच्या अर्जावर आणि तेच विमानाच्या तिकिटावर, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असं पासपोर्टला बंधन नाही, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. तेव्हा कोणतं नाव चालवायचं ते एकदा ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. हे काम वेळखाऊ आहे. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळीचा फराळ संपला की लागलीच हाती घ्या.

ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि युरोपातल्या शेंगेन देशांचा वेगळा. लंडनच्या व्हिशावर पॅरिसला जाता येत नाही, त्यामुळे "एवढ्या लांब जातोच आहोत तर" म्हणणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून टाका. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि एरवी तीन आठवड्यांत निकाल लागतो. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला स्वतः जावं लागतं. लातूरहून रात्रीची मुंबई गाडी आहेच. अर्ज दोघांचे दोन. तुमचा अर्ज यजमानांना परस्पर भरू देऊ नका. शेजारी बसून, प्रत्येक प्रश्न वाचून भरा. गृहिणी आहे असं लिहायला संकोच कसला? खर्च कोण करणार ते लिहायचं, यजमानांचं तसं पत्र जोडायचं आणि लग्नाचा दाखला लावायचा.

पैशांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याला शंका येते, ही उसनी आणून दाखवली की काय! फंडाची रक्कम असेल तर निवृत्तीचा आदेश आणि पेन्शनचा कागद सोबत लावा. सातबारा जोडणार असाल तर तो मराठीत चालत नाही, प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. गावी घर आहे, शेत आहे, म्हणजे ही माणसं परत येणार, एवढंच त्यांना पटायला हवं असतं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. म्हणून पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढूच नका, कितीही स्वस्त मिळो.

मे महिनाच का? आपल्याकडे अंगाची काहिली होत असते आणि पेरणीला अवकाश असतो. तिथे तेव्हा हवा गार असते आणि मेच्या मध्याला रात्री साडेआठच्या पुढेही उजेड असतो. दिवस मोठा, म्हणजे तिकिटाचे पैसे जास्त वसूल, असा साधा हिशेब! पोचायचं शक्यतो रविवारी. कारण लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेला ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करायचा असतो, आणि सोमवार ते रविवार या आठवड्यात ठरावीक रकमेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. बुधवारी पोचलात तर तो फायदा अर्धा वाया जातो. मात्र आठवडाभर एकच कार्ड वापरायचं, आणि दोघांना दोन कार्डं हवीत. एकाच कार्डावर दोघं, असं चालत नाही. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

भुयारी रेल्वे १८६३ पासून धावते आहे, आणि पुष्कळ जुन्या स्टेशनांत अजून जिनेच जिने आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ बस धरा. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की बसभाड्यात शहर दिसतं. तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता काय पाहायचं? दोघांनी एक वही घ्यावी. तुम्ही पाच नावं लिहा, यजमानांनी पाच लिहावीत, एकमेकांचं न बघता. जुळलेली नावं आधी घ्या. आणि ज्याचं नाव असेल त्यानं त्या दिवशी वाट काढायची, दुसऱ्यानं मुकाट्यानं मागून यायचं. आमच्या घरी हा नियम पाळला तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही दोनदा उलट्या बसमध्ये चढलो. पण वाट माझी होती!

ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, म्हणून सगळं बघायला जाऊ नका, पाय मोडतील. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं (आंध्रातली अमरावती, आपली वऱ्हाडातली नव्हे) आणि आणखी दोन दालनं पुरे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमलाही प्रवेश फुकट. तिथली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, तेव्हा ती सध्या कुठे आहेत ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. नाहीतर आपण तिकडे आणि वाघनखं इकडे! टॉवर ऑफ लंडनला तिकीट आहे, ते घरूनच काढावं. तिथे मुकुटात बसवलेला कोहिनूर दिसतो. बघताना काय वाटेल ते मी सांगत नाही. वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल ही दोन्ही प्रार्थनास्थळं पर्यटकांना रविवारी बंद असतात, म्हणून ती आठवड्यातल्या दिवसांत बसवा. ग्रीनिचला बोटीनं जाता येतं.

पण माझ्या यादीत आणखी दोन ठिकाणं आहेत आणि ती बहुतेक सहलींत नसतात. एक आहे १०, किंग हेन्रीज रोड. शिक्षणासाठी लंडनला असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. जाण्याआधी वेळ तेवढी बघून घ्या. रस्ता शांत आहे, दोन्ही बाजूंना साधी घरं. दुसरं ठिकाण थेम्सच्या काठावर, अल्बर्ट एम्बँकमेंटच्या बागेत. तिथे महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे, आणि नदीपलीकडे ब्रिटिश पार्लमेंट. स्मारकाचं उद्घाटन आणि या पुतळ्याचं अनावरण एकाच दिवशी झालं, १४ नोव्हेंबर २०१५ ला. लातूरकडच्या माणसाला बसवण्णा परके नाहीत. हजारो मैलांवर ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटतं. संध्याकाळी जा आणि बाकावर बसून घरून आणलेलं खा.

खाण्यावरून आठवलं. देवीला नारळ फोडून निघाल, पण प्रसादाचे पेढे पिशवीत घालू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. पेढा, खवा, तूप सगळंच त्यात आलं. ताजा कढीपत्ताही नको. शेंगदाण्याची चटणी न्या आणि येसर नक्की न्या, नीट बंद करून. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. त्यासाठी हॉटेलाऐवजी लहानसं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचतात ते वेगळेच. फक्त फोडणी बेतानं! तेल तापून धूर झाला की छतावरची घंटा कोकलू लागते आणि शेजारी धावत येतात. किराणा संपला तर साउथॉलला सगळं मिळतं. मराठी बोलायची अगदीच भूक लागली तर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, त्यांचे कार्यक्रम आधी विचारून ठेवा.

आठवड्याच्या मधली एक दुपार कोरी ठेवा. कपडे धुवा, पाय वर करून पडा, मुलीला फोन लावा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे असतं. तिथले चार म्हणजे इथले साडेआठ.

राहिलं बारीकसारीक. तिथले विजेचे खटके तीन चपट्या पायांचे असतात, आपली पिन बसत नाही. जोडायचा तुकडा लातूरलाच घेऊन ठेवा. संडासात पाण्याची सोय नसते, म्हणून एक रिकामी बाटली पर्समध्ये असू द्या. लोणचं घ्यायचं तर मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नाही. आणि पासपोर्ट दोघांचे एकाच पाकिटात ठेवू नका. तुमचा तुमच्याजवळच राहू द्या.