पगारवाढीचा दंड

पगार वाढला की घरात पेढे येतात. पण काही घरांत पेढ्यांआधी हिशेबाची वही उघडावी लागते.

छत्तीसगडमधील भिलाईजवळचे नंदिनी नगर ही चुनखडीच्या खाणींमुळे वसलेली वस्ती. समजा, तिथला एखादा तरुण भिलाईतील खासगी कारखान्यात दरमहा 20,800 रुपयांवर काम करतो. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी त्याच्या पगारातून 0.75 टक्के, म्हणजे फक्त 156 रुपये कापले जातात, 3.25 टक्के मालक भरतो. त्यात बायकामुलांच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचारांची सोय होते. बढती मिळून पगार 21,500 झाला की मात्र 2017 पासून लागू झालेली 21,000 ची मर्यादा ओलांडली जाते. हातात आले 700 रुपये, पण घरच्यांच्या दवाखान्याचा आधार गेला! अशी बढती नकोशी वाटली, तर दोष कुणाचा?

निदान या योजनेत थोडे शहाणपण आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. मध्येच पगार वाढला, तरी चालू काळ संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो. म्हणजे मे महिन्यात बढती मिळाली, तरी सप्टेंबरअखेरपर्यंत काही तुटत नाही. तेवढ्या अवधीत कुटुंबाचा आरोग्य विमा उतरवून घ्यावा. बढती नाकारू नये.

शिधापत्रिकेला मात्र ही सवलत नाही. महाराष्ट्रात 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 आणि खेड्यात 44,000 रुपये ठरवली गेली. शहरातही हे महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. सुनेने शिवणकाम सुरू केले, की कागदोपत्री घर अपात्र! मग लोक कमाई लपवतात आणि सरकार त्यांना लबाड म्हणते.

आता आयकर पाहा. 2025-26 या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. उत्पन्न 12,10,000 झाले तर दराप्रमाणे कर 61,500 रुपये होतो. पण सीमांत सवलतीमुळे वरच्या 10,000 पेक्षा जास्त घेतला जात नाही. उपकर तेवढा वेगळा.

बारा लाख कमावणाऱ्याचे वाढीव उत्पन्न त्याच्या हातून हिरावले जाऊ नये, याची काळजी सरकार घेते. मग पाच हजारवाल्याचे धान्य एका फटक्यात का तोडावे? उत्पन्न वाढेल तसे ते वर्ष-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. गरिबाला वर चढायला सांगायचे, तर पायऱ्या बांधून द्यायला हव्यात.