सोंगट्या तुमच्या, नावही तुमचं!

मित्रांनो, सारीपाट मांडायचा तर काय काय लागतं? एक पट, चार रंगांच्या सोंगट्या आणि फासे किंवा कवड्या. सापशिडीलाही पट लागतो, फासा लागतो. पत्त्यांना बावन्न पानं लागतात. खेळाचे नियम आपण तोंडपाठ करतो. पण पटावरचा साप कुणी काढला, पत्त्यातला राजा कुणी रंगवला, हे कधी विचारलंय का? आज मी तुम्हाला तेच विचारायला लावणार आहे. कारण आता खेळाची चित्रं तुम्हा मुलांनाही बनवता येतात आणि ती घरबसल्या दूरवरच्या मित्रांना देता येतात.

तुमच्यातल्या मोठ्या दादा-ताईंना संगणकावरचा पट माहीत असेल. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचत पुढं जायचं, असा हा खेळ. पुढं इंटरनेट आलं आणि टेबलाची गरजही संपली. २०१२ साली ‘रोल-ट्वेंटी’ हा संगणकावरचा पट सुरू झाला. आता त्यासारखे आणखी कितीतरी आहेत. दौंडची ताई, शिरूरचा दादा आणि दुबईचा मामेभाऊ एकाच वेळी एकाच पटावर खेळू शकतात. या पटाला नकाशे लागतात, सोंगट्या लागतात, पत्ते लागतात. ही सगळी चित्रं एकत्र बांधली की झाला एक चित्रसंच!

आता तुम्ही म्हणाल, बाई, ही तर परदेशातली नवलाई! छे, अजिबात नाही. असे चित्रसंच आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीपासून बनतात. त्यांचं नाव गंजिफा. हे गोल पत्ते असतात. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. पुढं आपल्या लोकांनी त्यात दशावतार आणले. दशावतारी गंजिफात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं असतात. करा बरं गुणाकार! एकूण १२० पानं. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्मावताराच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. हातात पान आलं, की क्षणात ओळखू यायला हवं. आणि पाठ मात्र सगळ्यांची सारखी, नाहीतर समोरच्याला तुमचं पान कळणारच!

सिंधुदुर्ग जिल्ह्यातली सावंतवाडी गंजिफासाठी प्रसिद्ध आहे. चिंचोक्याची खळ वापरून पान तयार करायचं, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा थर द्यायचा, असं हे काम चालतं. १९७० च्या सुमाराला ही कला येणारे कारागीर जवळजवळ उरलेच नव्हते. तेव्हा तिथले राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. त्यामुळे गंजिफा वाचला. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय? तर दुसरीकडे कुठंतरी यंत्रावर छापलेली पानं ‘सावंतवाडी गंजिफा’ या नावानं विकता येत नाहीत. ज्यांचं काम, त्यांचं नाव. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

चला, आता आपला संच बनवू. विषय शोधायला लांब जायला नको. शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. त्याच घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. मोराची चिंचोली तर नावातच मोर घेऊन बसली आहे. दौंडला भीमा नदी आहे आणि मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेचा फाटा आहे. झाला की नाही खेळ तयार? दौंड स्टेशनवरून निघायचं आणि वाटेतले मोर मोजत, खापरं गोळा करत इनामगाव गाठायचं!

साहित्य : गणिताची चौकटीची वही, कोरे कागद, काळं पेन, रंग, मोबाइल किंवा स्कॅनर. चित्रं नीटनेटकी करायला ‘क्रिटा’ किंवा ‘जिंप’ हे मोफत प्रोग्रॅम संगणकावर घेता येतात.

कृती :

१) आधी नकाशा काढा. चौकटीच्या वहीवर आडव्या २० आणि उभ्या १५ चौकटी घ्या. नदी, रूळ, शेतं, घरं चौकटी धरूनच काढा. सोंगटी चौकटीत बसली पाहिजे ना!

२) सोंगट्या गोल काढा. एका गोलात एकच चित्र. रेघ जाड, रंग दोन-तीनच. काढून झाल्यावर सोंगटी पाच पावलं दूर ठेवा. मोर आहे की कोंबडा, हे लांबून कळलं नाही तर पुन्हा काढा.

३) फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ घ्या. मोबाइल कागदाच्या बरोबर वर धरा. तिरका धरला तर गोलाचं अंडं होतं!

४) आता थोडं गणित. संगणकावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, त्यांना पिक्सेल म्हणतात. रोल-ट्वेंटीच्या पटावर एक चौकट मुळात ७० पिक्सेलची असते. म्हणजे आपला नकाशा २० गुणिले ७०, १४०० पिक्सेल रुंद आणि १५ गुणिले ७०, १०५० पिक्सेल उंच. मोठा करून पाहिला तरी फाटू नये म्हणून दुप्पट घ्या, २८०० आणि २१००. सोंगटी चौपट, म्हणजे २८० पिक्सेलची ठेवा.

५) नकाशा ‘जेपीजी’ प्रकारात साठवा, फाईल हलकी होते. सोंगटी मात्र ‘पीएनजी’ प्रकारात. त्यात गोलाबाहेरचा भाग पारदर्शक ठेवता येतो. जेपीजीत तो भाग पारदर्शक होत नाही, मग नदीवर मोराऐवजी मोर असलेला पांढरा चौकोन तरंगतो!

६) फाईलींना नीट नावं द्या : मोर-१, मोर-२, इंजिन-१. नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहिली, तर कोणताही संगणक कुरकुर करत नाही. ‘नवीन फोटो शेवटचा खरा शेवटचा’ असलं नाव देऊ नका.

७) संचात एक चिठ्ठी घाला. चित्रं कुणी काढली, कोणत्या वर्षी काढली आणि इतरांनी ती कशी वापरावीत, हे तीन-चार ओळींत लिहा. मग सगळं एका झिप फाईलमध्ये बांधा आणि पाठवा.

सातवी पायरी मुलं हमखास गाळतात. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं सुंदर मोर काढला. वडिलांनी कौतुकानं तो मोबाइलवरच्या एका गटात टाकला. जत्रेच्या वेळी बघतो तर काय, गावातल्या एका फ्लेक्सवर तोच मोर, चांगला सहा फूट उंच! ती हरखून गेली. मग फ्लेक्सचे चारी कोपरे तिनं वाचून काढले. वीस-पंचवीस नावं होती, हिचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, “बाई, तो मोर माझाच ना?”

तिचाच होता, मुलांनो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्र काढलं की त्यावर चित्रकाराचा हक्क आपोआप तयार होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, वयाची अट नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, म्हणून त्यांची चित्रं आज कुणालाही वापरता येतात. पण इंटरनेटवर काल दिसलेला ड्रॅगन तुमच्या संचात घालाल, तर तुम्हीही त्या फ्लेक्सवाल्यासारखेच! काही चित्रकार ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ची परवानगी देतात. त्यात ‘नाव द्या आणि वापरा’, ‘वापरा पण विकू नका’ असे वेगवेगळे प्रकार आहेत. ती अट वाचा आणि पाळा. तुमच्या चिठ्ठीतही त्यातली एखादी अट लिहू शकता. आणि चित्र संगणकाकडून तयार करून घेतलं असेल, तर तसं सरळ सांगा. आपण काढलं म्हणून मिरवू नका.

आई-बाबांसाठी : संच पाठवताना मुलांजवळ बसा. खातं तुमच्या नावानं उघडा आणि त्या ठिकाणची वयाची अट आधी वाचा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती न वाचता देऊ नका. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंदही राहू शकते, म्हणून कॅमेऱ्यातली ती सोय आधी बंद करा. चिठ्ठीत मुलाचं पहिलं नाव पुरे. शाळा, पत्ता, फोन नंबर नको. आणि गटात कौतुकानं चित्र टाकताना खाली मुलाचं नाव लिहायला विसरू नका.

तर मग या रविवारी दहा सोंगट्या काढा. मोबाइल नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवून, गोल कापून घरातच खेळा. फक्त प्रत्येक सोंगटीच्या मागं बारीक अक्षरात आपलं नाव लिहायचं. भावानं किंवा बहिणीनं काढली असेल तर त्यांचं. आणि हो, पाठी सगळ्यांच्या एकाच रंगाच्या ठेवायच्या असतील तर नाव कडेला लिहा. नाहीतर खेळात पकडले जाल!