चित्रांवरील पहारा

आमच्याकडील कित्येक संग्रहालयांच्या चालकांस एका भीतीने घेरले आहे. चित्र घरबसल्या पडद्यावर दिसू लागले, तर तिकीट काढून दालनात येणार कोण? ही भीती आम्हांस निराधार वाटते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने २०१२ साली आपल्या संग्रहातील सव्वा लक्ष कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा इंटरनेटवर सर्वांस मोकळ्या केल्या. ज्यास हव्या त्याने उतरवून घ्याव्या, छापाव्या, वाटल्यास पडद्याच्या कापडावर काढाव्या! रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची २०२२ सालची प्रतिमा तर ७१७ अब्ज बिंदूंची आहे; दालनात दोरीपलीकडे उभे राहून जे दिसणार नाही, ते रंगाचे कणही तीत दिसतात. मग दालने ओस पडली काय? २०२३ साली तेथे व्हर्मेरची २८ चित्रे एकत्र मांडली. त्याची दूध ओतणारी दासी दहा वर्षे फुकट पाहावयास मिळत होती. तरी साडेसहा लक्ष माणसे लोटली, आणि प्रदर्शन उघडताच काही दिवसांत तिकिटे संपली.

इतक्या दूर तरी कशाला जावे? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला आणि त्याची लक्ष्मी व सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्या छापील चित्रांनी मूळ चित्रांचा मान घटला असे म्हणणाऱ्याने बडोद्यास जाऊन ती पाहणाऱ्यांस विचारावे.

चित्रकार धुरंधर १९४४ साली निवर्तले; साठ वर्षांच्या मुदतीचा त्यांचा स्वामित्वहक्क २००४ अखेर सरला. असे असता जुन्या चित्रकारांची चित्रे लहान, धूसर आणि वर शिक्का मारून दाखविण्याची रीत आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. हा पहारा कोणाच्या हितासाठी? उलट गर्दी हवी म्हणून संगीतरजनी भरवावयाच्या, आणि चित्रे मागे पडद्यासारखी टांगलेली! समारंभांशी आमचे वैर नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्ये संग्रहालय मांडून ते शाळांच्या दारी नेले, तो उपक्रम आम्हांस मनापासून आवडला. तेथे मूल वस्तूपाशी पोहोचते. पुढच्या रजनीची जाहिरात करण्यापूर्वी चालकांनी आपल्यापाशी असलेली धुरंधरांची चित्रे तरी पूर्ण आकारात, मराठी टिपणासह खुली करावी. सोलापूरच्या चित्रशाळेतील विद्यार्थ्यास आज व्हर्मेरच्या कुंचल्याचा फटकारा मोजता येतो. धुरंधरांचा येत नाही.